बादलीजवळची जागा

चौदा फेब्रुवारीला गुलाब आपोआप फुलत नाही. तो फुलवावा लागतो. डिसेंबरच्या मध्यावर झाडाचे शेंडे खुडायचे. खुडल्या जागी नवी काडी फुटते आणि तिच्यावर साधारण पन्नास दिवसांनी कळी तयार होते. थंडी जास्त पडली तर फूल मागे राहतं, ऊन तापलं तर पुढे पळतं. चार दिवस आधी आलेलं फूल कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवता येतं. चार दिवस उशिरा आलेल्या फुलाला कोणी विचारत नाही. हे खुडण्याचं काम मी बाया लावून एकवीस वर्षं करून घेतलं आणि एकाही वर्षी माझी तारीख चुकली नाही. एवढी फुशारकी आत्ताच मारून घेते, कारण पुढे मारण्यासारखं फार नाही.

माझं शिक्षण चौथी. मुळशी तालुक्यात कासारसाईच्या धरणाच्या वरच्या अंगाला एका मालकाची सहा पॉलिहाऊस होती, अजून आहेत. मी तिथे बायांची मुकादम होते. सगळ्या मला आक्का म्हणत. या लेखातली नावं मी बदलली आहेत. नातीचं तर खरं नाव देणारच नाही, तिला इथे चिमी म्हणते. छापायला देण्याआधी सगळं सुनेला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "द्या."

ज्यांनी पॉलिहाऊस लांबूनच पाहिलं असेल त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी सांगाड्यावर पांढरा प्लास्टिकचा कागद ताणलेला असतो. आत लांबच्या लांब वाफे, त्यात गुलाब, मुळाशी थेंबाथेंबाने पाणी. दार उघडून आत गेलं की चष्मेवाल्याचा चष्मा धुकटतो. सकाळी फुलं कापायची, ग्रेडिंगच्या खोलीत आणायची, काडीच्या लांबीप्रमाणे वेगळी करायची, वीस-वीसची जुडी बांधायची, जुडीला पुठ्ठा गुंडाळायचा, खोक्यात भरायची. झाडाला रोग लई. भुरी पडते, लाल कोळी लागतो, थंडीत करपा येतो. म्हणून औषधाची फवारणी दर दोन-तीन दिवसांनी. फवारणीवाले गडी तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अंगात रेनकोट घालून जात. त्यांच्यामागे काही तास बायांना आत सोडायचं नाही, हा नियम होता आणि मी तो पाळायचे. हंगामात मालकाने घाई केली तरी पाळायचे.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. हिंजवडीच्या कंपनीतला एक मुलगा, मारुंजीत भाड्याने राहणारा, मोटारसायकलवर आला. त्याला एकशे एक गुलाब हवे होते, आणि एकालाही काटा नको. "मॅडमला टोचतील," म्हणाला.

मी विचारलं, "लग्न करनार हाय का तिच्याशी?"

"हो, म्हणजे... विचारणार आहे."

"मग ऱ्हाऊ दे काटे. सवय व्हईल."

बाया आठवडाभर हसत होत्या. काटे मात्र काढून दिले.

आता बादलीचं सांगते. त्याआधी माझा एक कायदा सांगावा लागेल.

मी तरुण असताना भातलावणी करायचे. पोटुशी बाईसुद्धा आठवा लागेपर्यंत गुडघाभर चिखलात वाकलेली असायची. मीही होते. माझं दुसरं मूल तसंच बांधावर गेलं, सातव्या महिन्यात. त्याचं रडगाणं इथे गात नाही. पण मुकादम झाले तेव्हा पहिल्याच वर्षी ठरवलं, की माझ्या हाताखालची बाई दिवस राहिले म्हणून घरी बसणार नाही आणि वाकणारही नाही. बाया लवकर सांगत नसत. मला कळायचं. आत शिरल्यावर औषधाच्या वासाने जी बाहेर पळत जाऊन ओकायची, तिला मी दुसऱ्या दिवशी आतून काढायचे आणि ग्रेडिंगच्या खोलीत बसवायचे. सावली, पंखा, खाली पोतं, पाठीला भिंत. मालक कुरकुरला. मी म्हणाले, "बसून काम करती, पगार बसून घेत न्हाई." पुढे ती रीतच पडली. आजूबाजूच्या पॉलिहाऊसवाल्या बाया म्हणायच्या, पोट आलं की आक्काकडे जा, आक्का बसवते.

एका वर्षी थंडी आणि धुकं असं पडलं की आमची खोकी परत आली. कळ्यांवर राखाडी बुरशी. मालकाच्या डोळ्यांत पाणी होतं. मग सल्ला देणारे एक साहेब आले आणि त्यांनी बादली सुरू केली. जुडी बांधली की उलटी धरायची, कळ्यांची डोकी औषधाच्या पाण्यात बुडवायची, झटकायची आणि वाळायला उभी करायची. बसल्या जागी होणारं काम. उचलणं नाही, वाकणं नाही. मी बादली भिंतीजवळ नेऊन ठेवली आणि पोटुश्या बायांची जागा तिच्या शेजारी केली.

सगळी चूक इथे आहे. फवारणीला आम्ही औषधाचं काम म्हणायचो. बादलीला पाण्याचं काम म्हणायचो. फवारणीच्या गड्यांना मास्क होते. बादलीजवळच्या बाईला काही नव्हतं. मालकाने एकदा लांब रबरी हातमोजे आणले होते, ते गड्यांच्या मापाचे. जुडी निसटायची, कळी मोडायची. "काढा ते," असं मीच ओरडले होते. साहेब नव्हे, मालक नव्हे, मी. दिवसभर हात कोपरापर्यंत ओले. जुडी झटकली की तोंडावर, छातीवर, पोटावर थेंब. पोटात बाळ फिरलं की बाई तोच हात पोटावर ठेवून हसायची आणि आम्हाला सांगायची, "आक्के, लाथ मारतंय." आम्हीही हसायचो.

माझी सून संगीता तिथे एक अख्खा हंगाम बसली. तेव्हा तिला सहावा होता. चिमी उन्हाळ्यात झाली, चांगली गुटगुटीत. माझे गुडघे गेले तसं मी काम सोडलं आणि माझ्याच हाताखाली तयार झालेल्या नंदाला मुकादम करून आले.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर चिमी छाती दुखते म्हणायला लागली. वय साडेआठ. आम्हाला वाटलं गळू असेल. गावातल्या डॉक्टरने पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, त्या लहान मुलांच्याच. त्यांनी तपासलं, रक्त घेतलं, डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाताच्या हाडांवरून मुलाची वाढ कुठवर आली हे कळतं म्हणे. मग त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "ही मोठी व्हायला लागली आहे. हाडं साडेदहा वर्षांच्या मुलीसारखी दिसतात. अशीच गेली तर पाळी वर्षभरात येऊ शकते, आणि मग उंची लवकर थांबते."

माझ्या काळात मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी शहाणी व्हायची. ही तिसरीत होती. पुढचे दोन दात आत्ता कुठे पूर्ण आलेले. हिला पॅड घ्यायला शिकवायचं, आणि शाळेच्या संडासाला तर कडी नाही, हे माझ्या डोक्यात फिरत होतं.

डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ विचारलं. संगीताला पाळी कधी आली होती, चिमी काय खाते, वजन कसं वाढलं, घरात कसली क्रीम-औषधं आहेत. मग विचारलं, "हिच्या वेळी गरोदर असताना तुम्ही काय काम करत होतात?"

संगीता खुशीने सांगायला लागली. "गुलाबाच्या पॉलिहाऊसला व्हते. पर आत न्हाई. आत्यांनी मला येक दीस बी आत जाऊ दिलं न्हाई. लेकीसारखं जपलं. ग्रेडिंगच्या खोलीत बसून काम दिलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "त्या खोलीत काय असायचं?"

मी बादली सांगितली. औषधाचं नाव मला येत नव्हतं. डब्याचा रंग सांगितला, वास सांगितला, हात कुठपर्यंत ओले व्हायचे ते कोपरावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं. मला कधी नव्हे ती खुर्चीत बसायची लाज वाटत होती.

"यामुळंच झालं का?" मी विचारलं.

"एका मुलीबद्दल असं कोणीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "वजन असतं, घराण्यात असतं, बऱ्याचदा कारण सापडतच नाही. पण काही औषधं शरीरातल्या वाढीच्या इशाऱ्यांमध्ये ढवळाढवळ करतात. बाळ पोटात असताना ती आईच्या अंगात गेली तर मुलीचं वयात येणं मागेपुढे होऊ शकतं, अशी शंका आहे. म्हणून विचारते. आणि अजून कोणी तिथे बसत असेल तर बसू देऊ नका."

येताना बसमध्ये संगीता खिडकीकडे तोंड करून बसली होती. चिमी मधे, हातातला एक्स-रे उजेडाकडे धरून आपली बोटं मोजत होती. घरी आल्यावर संगीताने भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली. तिसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली.

"आत्या, तुमी मुद्दाम न्हाई केलं, मला म्हाईत हाय. पर दुसऱ्या कुनी बसवलं असतं, तर मी त्याच्या दारात जाऊन चार शब्द बोलले असते. तुमाला काय बोलू? माझं बोलनं बी आतच ऱ्हायलं."

"बोल की. मी काय मरत न्हाई."

"न्हाई बोलवत," ती म्हणाली आणि उठली.

मग मी आठवायला बसले. हजेरी मालकाकडे असायची, पण मला माणसं फुलांवरून आठवतात. तीन नंबरच्या पॉलिहाऊसला पिवळा लावला त्या वर्षी कोण पोटुशी होती, एक नंबरचा लाल उपटला त्या वर्षी कोण. बादलीजवळ बसलेल्या आणि मुली झालेल्या, संगीता धरून पाच बाया आठवल्या. त्यातली रखमा जवळ राहते. तिच्याकडे गेले. ती तांदूळ पाखडत होती. तिची मुलगी आता अकरावीत आहे. मी आडवळण न घेता विचारलं, पोरीला पाळी कितव्या वर्षी आली.

रखमाचं सूप थांबलं. "का?"

"सांग तर."

"चौथीत. नववं सरलं नव्हतं." ती हळू बोलली. "कुनाला सांगितलं न्हाई. दोन वर्सं साळंतून घरी पळत यायची पॅड बदलायला. सासू म्हनायची, अंडी चारतीस म्हनून झालं. मी अंडी बंद केली. पोरीला लई आवडायची, आक्के."

मी तिला बादलीचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी अंड्याचं न्हवतं?"

"ते बी कुनी सांगू शकत न्हाई."

"मग तू कशाला आलीस?"

मी उठले.

दुसरी वैशाली. ती तर दोन हंगाम बादलीजवळ बसली होती. तिच्या मुलीला तेरावं लागलं तरी काही नाही, उलट वैशालीच काळजीत होती की येत का नाही. आणि मारुंजीच्या एका सोसायटीत माझी भाची स्वयंपाकाला जाते, तिथल्या बाईने कधी पॉलिहाऊस पाहिलेलं नाही, तरी तिच्या मुलीला नवव्या वर्षी पाळी आली. म्हणजे माझ्या बादलीवर बोट ठेवावं तर ते ठरत नाही, आणि उचलावं तर उचलत नाही. मला कोणी गुन्हेगार म्हणत नाही आणि कोणी सोडूनही देत नाही. उरलेल्या दोघी हे गाव सोडून लांब गेल्या आहेत. त्यांना फोन केला नाही. करायला हवा होता. काय सांगणार होते तेच जमत नव्हतं.

या सगळ्यात एक महिना गेला. डॉक्टरीणबाईंचं शेवटचं वाक्य मला आठवत होतं, पण मी आधी मागचं उकरत बसले. जे आज चालू होतं तिकडे जायला मला जानेवारी संपत आला. ही माझी दुसरी चूक, आणि हिला न कळण्याची सबब नाही.

गेले तेव्हा हंगाम जोरात होता. ग्रेडिंगच्या खोलीत तोच वास. भिंत तीच, पोतं तेच वाटलं. बादलीजवळ सरिता म्हणून एक मुलगी बसलेली. मराठवाड्यातली, नवरा हिंजवडीच्या कंपन्यांची गाडी चालवतो, मारुंजीत एका खोलीत राहतात. पाचवा महिना.

मी नंदाला बाजूला घेतलं. "तिला हितनं उठव."

"का? बसून तर हाय."

"बादलीपास्न उठव."

नंदा हसली. "आक्के, तूच शिकवलंस की. पोटुशीला भिंतीकडं, बादलीजवळ. मी नवीन बायांना तुजं नाव सांगती. आक्कानं पाडलेली रीत हाय म्हनून."

आयुष्यात मला पुष्कळ शिव्या बसल्या आहेत. त्यातली एकही एवढी लागली नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं, चिमीचंसुद्धा. नंदा हसायची थांबली, पण मुकादम ती मुकादम. "मग बसवू कुटं? आत फवारनी. हितं बादली. चौदा तारीख तोंडावर आली, बाई कमी करून न्हाई भागायचं."

ती खोटं बोलत नव्हती. मी खोलीभर नजर फिरवली. एकवीस वर्षं ज्या जागेचा मी अभिमान बाळगला, तिथे पोटुशी बाईला बसवायला जागाच नव्हती. बादली आली त्या दिवसापासून नव्हती. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मात्र तीन गडी खुर्च्यांवर बसून खोक्यांच्या घड्या उलगडत होते आणि चिकटपट्टी लावत होते.

"खोकी," मी म्हणाले.

"खोकी गडीमानसं करत्यात."

"का? खोक्याला काय मिशी लावायची असती का?"

शेडमधला एक म्हातारा गडी ऐकत होता. तो म्हणाला, "बसू दे की. आमी काय खातुया का तिला?"

"आन बादलीला कोन?" नंदाने विचारलं.

"मी."

"तुजं गुडघं."

"बसूनच तर हाय."

सरिता उठायला तयार नव्हती. तिला वाटलं काम काढून घेतलं. "आजी, माझं काही चुकलं का? मी जुड्या मोडत नाही," ती म्हणाली. मी तिला हाताला धरून शेडपर्यंत नेलं, आधी नळावर हात साबणाने कोपरापर्यंत धुवायला लावले, आणि का ते सांगितलं. घाबरेल म्हणून कमी करून सांगितलं नाही. बायांना घाबरू नये म्हणून काही न सांगण्याचीच आमच्याकडे जास्त सवय आहे. ती घाबरली. बराच वेळ हात पुसत राहिली. मग पहिलं खोकं वाकडं चिकटवलं.

मी हंगाम संपेपर्यंत बादलीजवळ बसले. हातमोजे घातले, मोठ्या मापाचे, मनगटाला दोरीने बांधून. काम निम्म्याने हळू झालं, काही कळ्याही मोडल्या. नंदा येऊन बघून जायची. मालकाचा मुलगा आता सगळं बघतो. तो एकदा येऊन म्हणाला, "आजी, तुम्ही कशाला आता?" मी म्हणाले, "माझ्या पोटाला आता कशाची भीती न्हाई. तुजं बघ. झाकणाची टाकी आन बायांच्या मापाचं हातमोजं आन." आणतो म्हणाला. हातमोजे आले. टाकी अजून आलेली नाही.

संध्याकाळी घरी आले की चिमी धावत यायची. मी लांबूनच हात वर करायचे. "थांब. शिवू नको." ती अंगणात तुळशीपाशी थांबायची. मी न्हाणीघरात अंघोळ करून, लुगडं वेगळं भिजवून बाहेर येईपर्यंत ती तिथेच उभी. एकदा तिने विचारलं, "आजी, तू घाण झालीस का?" मी म्हणाले, "व्हय." आत संगीता चुलीपाशी होती. तिने ऐकलं. त्या दिवसापासून माझं अंघोळीचं पाणी ती आधीच काढून ठेवायला लागली. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी तिला विचारलेलं नाही.

चिमीला इंजेक्शन सुरू केलं आहे. वाढ थोडी थांबवून धरतात. दर तीन महिन्यांनी पुण्याला जायचं. पाळी अजून आलेली नाही. सकाळी ती संडासातून बाहेर आली की मी आणि संगीता दोघीही तिच्या तोंडाकडे बघतो आणि एकमेकींकडे बघत नाही.

सरिताला पावसाळ्याच्या तोंडावर मुलगी झाली. महिन्याची झाल्यावर ती बर्फी घेऊन आली. चिमीने हट्ट करून बाळ मांडीवर घेतलं, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, अगदी जपून. बाळाची बोटं सोडवून ती मोजत होती. एक नऊ वर्षांची, एक महिन्याची. मी बर्फी हातात धरून दोघींकडे बघत बसले होते.

सरिता माझ्याजवळ सरकली. हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही येईपर्यंत मी किती दिवस बसले होते बादलीपाशी?"

मी नंदाला विचारून ठेवलं होतं.

"अकरा."

"लई झाले का?"

"म्हाईत न्हाई," मी म्हणाले.